मदत हवी आहे: स्विफ्टसाठी दहा हजारांत बसणारा अँप (अँप्लिफायर) कोणता घ्यावा?

मंडळी, गाडी जुनी स्विफ्ट आहे. पायोनियरचा डबल डिन (दुप्पट उंचीचा) स्टिरिओ बसवलाय, पुढच्या दारांत साडेसहा इंची कोअ‍ॅक्सियल (मोठ्याच्या मधोमध छोटा ट्वीटर असलेले) स्पीकर आहेत (50 वॉट आरएमएस, म्हणजे सलग पेलतात तेवढे वॉट; 4 ओहम). मागचे कंपनीचेच, ते वाजले काय नि न वाजले काय.

घाटात काचा खाली असल्या की आवाज वाढवावा लागतो आणि तिथेच घोळ होतो. डग्ग्याची घुमक जाते, नुसती थाप ऐकू येते, आणि गाणाऱ्याचा आवाज फाटतो. स्टिरिओच्या डब्यावर 4×50 वॉट छापलंय, मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात 22 वॉट, तेही 5 टक्के डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाज तेवढा बिघडलेला धरून! म्हणून अँप घ्यायचं ठरवलंय. धडधड नको, मोकळा आवाज हवा. डिकीत आईबाबांचं सामान असतं, त्यामुळे सबवूफरचं खोकं बाद.

बजेट वायरिंग आणि मजुरी धरून दहा हजार. दुकानदार एक चार चॅनेलचा अँप साडेचार हजारांत देतोय, वर ठळक '2000 वॉट'. मी उलटा करून पाहिला तर फ्यूज 25 अँपिअरचा. इंजिन चालू असताना 14 व्होल्ट धरले तरी आत जाणारेच 350 वॉट, बाहेर 2000 कुठून येणार? क्लास एबी (ज्यात बरीच वीज उष्णतेत जाते) असेल तर जेमतेम 200 निघतील. नावाजलेल्या कंपनीचा चार चॅनेल सात हजारांच्या पुढे जातोय, मग वायरिंगला काय उरणार?

तर विचारायचं असं, की मला दोनच स्पीकर नीट वाजवायचे आहेत तर दोन चॅनेलचा चांगला घेऊन मोकळं व्हावं का? आणि स्टिरिओच्या मागे आरसीएची (अँपला सिग्नल देणाऱ्या पिनांची) एकच जोडी आहे, ती पुरेल ना?

प्रतिसाद

दोन चॅनेलच घ्या, आणि आरसीएची एक जोडी त्याला पुरते. मागचे स्पीकर स्टिरिओवरच राहू द्या, फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल) थोडा पुढे सरकवा. फ्यूजचा हिशोब बरोबर आहे, पण त्यावरून फक्त कमाल किती निघेल ते कळतं, तेवढं निघेलच असं नाही. अँपच्या खोक्यावर सीईए-2006 रेटिंग (वॉट मोजायची ठरलेली पद्धत) शोधा. त्यात 4 ओहमला, 14.4 व्होल्टवर, 1 टक्क्यापर्यंतच्या डिस्टॉर्शनला किती वॉट ते लिहिलेलं असतं. 50-60 भरले की झालं.

वाचलेले पैसे वायरमध्ये घाला. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असते. तुम्हाला शुद्ध तांब्याची 8 गेज (जाडीचं माप) घ्या, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच. अर्थिंगला पत्र्याचा रंग खरवडायला लावा, समोर उभं राहून! पॉवरची तार एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने न्यायची, नाहीतर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुंई ऐकू येते. अँपवरचा गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, तो स्टिरिओच्या सिग्नलशी अँप जुळवायला असतो. स्टिरिओ पाऊण भागावर ठेवून गेन वाढवत न्या, आवाज फाटायच्या आत थांबा. हाय-पास (ठरावीक हर्ट्झखालचे सूर अडवणारा फिल्टर) 80 हर्ट्झला लावा.

धागाकर्ता

हाय-पास लावला तर खालचे सूर कापले जातील ना? डग्ग्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

प्रतिसाद

मग 60 ला लावून ऐका. आधी दाराच्या आतल्या पत्र्याला डॅम्पिंग शीट (थरथर शोषणारा चिकट थर) मारून घ्या. घुमक निम्मी तिथेच गळते.