मदत हवी आहे: फुप्फुसं बरी झाली म्हणतात, पण माणूस अजून उभा राहिलेला नाही

नमस्कार. आम्ही कुडाळ तालुक्यातले. गेल्या जुलैत ह्यांना लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित चिखल-पाण्यातून होणारा ताप) झाला. लावणीचे दिवस, सकाळपासून गुडघाभर चिखलात, आणि टाचेला भेग पडलेली. आधी ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या तर इतक्या दुखायच्या की हात लावू देत नव्हते. आम्हाला वाटलं, कामाने अंग मोडून आलंय. पाचव्या दिवशी खोकल्यातून रक्त पडलं आणि त्याच रात्री ह्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. १७ दिवस होते. अकराव्या दिवशी गळ्याला भोक पाडून नळी घातली. डायलिसिस दोनदा झालं. ह्यांचं वय ४४.

घरी सोडतानाच्या कागदावर ‘एआरडीएस’ असं लिहिलेलं आहे. डॉक्टरांनी समजावलं ते असं: फुप्फुसातल्या बारीक हवेच्या पिशव्यांत पाणी झिरपतं, त्या चिकटतात आणि बाहेरून कितीही ऑक्सिजन दिला तरी तो रक्तापर्यंत पोचत नाही. ते जगले. त्या दिवसांत बाहेरच्या बाकावर बसून मी एवढंच मागत होते, म्हणून आज तक्रार करायला जीभ रेटत नाही. पण विचारायला हवंच.

आता नववा महिना लागला. सीटी स्कॅनमध्ये थोड्या रेषा उरल्यात. फुंकर मारायची तपासणी नॉर्मल आली, दुसऱ्या एका तपासणीत (डिफ्यूजन म्हणतात ती, फुप्फुसातून हवा रक्तात किती उतरते ते बघणारी) ६४ टक्के आलं. डॉक्टर म्हणाले, ‘फुप्फुसं छान भरून आली आहेत, आता चालायला लागा.’ ऐकून आनंद झाला. घरी आलो आणि ह्यांना घराच्या पायऱ्या चढवेनात.

आमचं घर रस्त्याच्या वर आहे. जांभ्याच्या ४२ पायऱ्या आहेत. पूर्वी हे भाताचं पोतं पाठीवर घेऊन एका दमात यायचे. आता मी चुलीपाशी असते तेव्हा ह्यांच्या चपलांचा आवाज मोजते. सतराव्या पायरीवर आवाज थांबतो. तिथे फणसाचं मूळ बाहेर आलंय, त्याला धरून उभे राहतात. मग मी हातातलं काम सोडून नुसती ऐकत राहते, परत चपला वाजेपर्यंत. बोटाला यंत्र लावलं तर बसल्या जागी ९७ असतं, वर आल्यावर ९२. चढताना श्वास आत घेतात तेव्हा गळ्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. हा आवाज पूर्वी नव्हता.

वजन ६८ वरून ५४ झालं होतं, आता ६१ आहे. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर आहेत, नारळ सोलायला घेतला तर कोयता निसटतो. केस मूठ-मूठ गेले होते, ते आता परत येतायत. बाजारात चार वस्तू सांगितल्या तर दोन विसरतात. गळ्यावरच्या खुणेवर कायम रुमाल बांधतात, ४० डिग्रीच्या उकाड्यातसुद्धा.

आणि रात्री. रात्री दचकून उठतात आणि हात चोळत बसतात. ‘माका बांधल्यानी,’ म्हणतात. ‘माझा तोंड चिखलात दाबून धरल्यानी.’ मी सांगते, असं काही झालं नाही. ते माझ्याकडे बघतात आणि कूस बदलतात.

घरी पाठवताना गोळ्यांची यादी दिली, पुढच्या तारखा दिल्या. पण व्यायाम कोणता, किती, कधी थांबायचं, मन बिथरलं तर कुणाकडे जायचं, यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही. त्या लोकांनी ह्यांचा जीव वाचवला, ते मी जन्मात विसरणार नाही. तरी दारातून बाहेर पडल्यावर आम्ही अगदी एकटे पडलो.

माझं विचारणं असं. रिपोर्ट चांगले असताना हा दम आणि हा अशक्तपणा कशाचा? यातून माणूस किती परत येतो, किती काळ लागतो? मन राखायला खोटा धीर देऊ नका, खरं सांगा. दोन बोटांचं काय करू? रात्रीचं काय करू? आणि सगळ्यात मोठं म्हणजे जून तोंडावर आलाय, हे म्हणतात यंदा लावणीला मी उतरणारच. उतरू देऊ का? जाणकारांनी, आणि कुणी स्वतः यातून गेलं असेल तर त्यांनी जरूर लिहावं.

प्रतिसाद १

ताई, मी २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीतला पुण्याचा पेशंट. १२ दिवस व्हेंटिलेटरवर होतो. तेव्हा मी ३१ वर्षांचा होतो.

घरी आल्यावर पहिल्यांदा आंघोळीला बसलो आणि पाटावरून उठताच येईना. बायकोला हाक मारायची लाज वाटली म्हणून अर्धा तास तसाच बसून राहिलो. दम फुप्फुसाचा आहे असं मलाही वाटायचं. पण मांड्यांत काहीच उरलं नव्हतं. सहा महिन्यांनी ऑफिसला गेलो तेव्हा लोक म्हणाले, ‘अरे, ठणठणीत दिसतोस!’ त्या दिवशी दुपारी टेबलावर डोकं ठेवून झोपलो. खरं बरं वाटायला मला दुसरं वर्ष उजाडलं. आज मी सिंहगड चढतो. पूर्वीपेक्षा सावकाश, पण चढतो.

रात्रीबद्दल एक सांगतो. मला खात्री होती की मला एका बोटीत कोंडून ठेवलंय आणि खाली इंजिन चाललंय. ते इंजिन म्हणजे व्हेंटिलेटर होतं. ‘असं काही झालं नाही’ हे वाक्य मला फार लागायचं, कारण माझ्यासोबत काहीतरी नक्कीच झालं होतं. काय झालं ते कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. ताई, त्यांना बांधलं नव्हतं, असं तुम्ही खात्रीने सांगू शकता का? नळी ओढू नये म्हणून हात मऊ पट्टीने पलंगाला बांधतात. आणि ऑक्सिजन वाढावा म्हणून अशा पेशंटला तासन्‌तास पालथंही झोपवतात. त्यांना झोपवलं होतं का, ते विचारून बघा.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे, अतिदक्षता विभागात बरीच वर्षं काम केलंय. पेशंटला न बघता लिहिते आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी ती शिट्टी. ताई, ती अंगावर काढू नका. गळ्यात नळी घातलेल्या माणसाच्या श्वासनळीत नंतर व्रण धरून ती अरुंद होऊ शकते आणि सीटीमध्ये फुप्फुस स्वच्छ दिसलं तरी दम लागत राहतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने बघून घ्या. व्यायाम त्यानंतर. आवाज बसल्या जागीही यायला लागला तर तारखेची वाट न बघता जा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. टोरांटोच्या डॉ. मार्गारेट हेरिज यांच्या गटाने एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ जणांना वर्षानुवर्षं बोलावून तपासलं. २००३ मध्ये एका वर्षाचे आणि २०११ मध्ये पाच वर्षांचे निष्कर्ष छापले. बहुतेकांची फुप्फुसं सहा महिन्यांतच जवळपास भरून आली होती, डिफ्यूजन तेवढं मागे राहिलं. म्हणजे तुमच्या यजमानांसारखंच. तरी माणसं थकलेली होती, कारण स्नायू. अतिदक्षता विभागातच त्यांचं वजन सरासरी १८ टक्के घटलं होतं. आजाराची आग, भुलीची औषधं आणि पडून राहणं, तिन्ही मिळून स्नायू खातात. वर्षभरात निम्मे लोक कामावर परतले होते, पाच वर्षांत ७७ टक्के. सहा मिनिटांत ती माणसं तीन महिन्यांनी २८१ मीटर चालायची, वर्षाने ४२२ मीटर. पाचव्या वर्षीही आकडा ४३६ च होता. तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून लिहिते: बरंचसं परत येतं, पहिल्या वर्षात जास्त येतं, आणि काहींचं थोडं कायमचं कमी राहतं. चाळिशीतल्या माणसाला साठीच्या माणसापेक्षा जास्त आशा आहे.

शाळेच्या पटांगणात ३० मीटर दोरीने मोजून दोन दगड ठेवा. सहा मिनिटांत किती फेऱ्या होतात ते महिन्यातून एकदा लिहून ठेवा. मध्ये थांबलं तरी चालतं, घड्याळ चालू ठेवायचं. एरवी रोज चालताना दम इतकाच लागू द्या की वाक्य पुरं बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. यंत्रावर आकडा ८८ च्या खाली गेला तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. पण नुसतं चालून मांड्या येत नाहीत. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. पायऱ्या सतरा होतात ना? मग बाराव्यावरच मुद्दाम थांबायचं, दम संपायच्या आधी. कुळीथ, अंडी, मासे हवेतच, पण डायलिसिस झालंय म्हणून आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासून प्रमाण विचारून घ्या. बोटांसाठी नसांची तपासणी करा. पालथं ठेवताना कोपराजवळची नस दाबली जाऊ शकते, बहुधा ती हळूहळू सुधारते.

विसरणं, दचकणं, अशक्तपणा या तिन्हीला मिळून पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम म्हणतात. २०१० मध्ये अमेरिकेत डॉक्टरांनी एकत्र बसून हे नाव ठरवलं आणि त्यात घरच्यांचाही विचार केला. चपलांचा आवाज मोजणाऱ्या बाईनेही एकदा स्वतःची झोप कुणाला तरी सांगावी.

लावणीचं: यंदा चिखलात नको. लेप्टोचे प्रकार अनेक आहेत, एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. बांधावरचं काम असेल तरी गमबूट हवेत, भेगा झाकलेल्या हव्यात, आणि लेप्टो टाळायची आठवड्याची गोळी (डॉक्सिसायक्लिन) घ्यायची की नाही ते आरोग्य केंद्रात विचारून.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

दोघांचेही मनापासून आभार. दुर्बिणीने बघितलं. श्वासनळी थोडी अरुंद आहे, सध्या काही करायला नको, तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले. व्यायामाला हरकत नाही. क्रिएटिनिन १.१ आहे. पटांगणात पहिल्यांदा मोजलं तर ११ फेऱ्या, म्हणजे ३३० मीटर झाले. मुलगा दगडापाशी उभा राहून मोजत होता.

पुण्याच्या दादांनी विचारलं ते मला झोंबलं, कारण ते खरं होतं. तिथल्या सिस्टरना फोन केला. हातांना पट्ट्या होत्या. आणि तीन वेळा, दर वेळी १६ तास, ह्यांना पालथं झोपवलं होतं. काचेतून मी ते पाहिलंही होतं, पण माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. मग मुलाच्या जुन्या वहीत सतराही दिवस मांडले. कोणत्या दिवशी काय झालं, कोण भेटायला आलं, बाहेर पाऊस किती होता, आमची लावणी शेजारच्यांनी कशी पुरी केली. परवा रात्री हे उठले तेव्हा दिवा लावला आणि वाचून दाखवली.

बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मगे तो चिखल न्हय?’ म्हटलं, नाही, उशी होती, सिस्टर दर दोन तासांनी तुमची मान वळवत होत्या. म्हणाले, ‘परत एकदा वाच, पालथो होतंय तेव्हाचा.’ परत वाचलं.

लावणीचं अजून ऐकत नाहीत. बांधावर बसून तरवा (भाताची रोपं) मोजून द्यायचं काम देऊ का, असा विचार आहे. गमबूट घालून बसल्या जागी तीन-चार तास ऊन-पावसात चालेल का, की तेही यंदा नको? फिजिओ ताई, सवडीने सांगा.