फॅशन शो पाहताना झालेले मत आणि पंधरा दिवसांनंतरचे मत एकमेकांच्या विरुद्ध निघाले, तर कोणत्या मतावर विसंबावे? (प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

सुटा धागा

सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मिलान व पॅरिस येथे झालेले वसंत-ग्रीष्म २०२६ चे शो मी जमतील तितके थेट प्रक्षेपणातून पाहिले. शनेलमध्ये मॅथ्यू ब्लाझी, दिओरच्या स्त्रियांच्या विभागात जोनाथन अँडरसन, बालेन्सियागात पिएरपाओलो पिचोली, वर्साचीत दारिओ विताले, जाँ पॉल गोतिएमध्ये डुरान लांटिंक, अशा इतक्या मोठ्या घराण्यांत एकाच हंगामात नव्या डिझायनरांचे पहिले संग्रह आलेले मी याआधी पाहिले नव्हते, त्यामुळे उत्सुकता फार होती. प्रत्येक शो संपला की कोणाचेही परीक्षण वाचण्याआधी वहीत चार ओळी लिहून ठेवायच्या, ही माझी काही वर्षांची सवय आहे. या वेळी त्या वहीनेच मला अडचणीत आणले आहे.

१ ऑक्टोबरला दिओरचा शो पाहून मी लिहिले होते : "राग आला. १९४७ चे बार जॅकेट धुतल्यावर आटावे तसे आखूड केले आहे आणि खाली इवलासा चुण्यांचा स्कर्ट दिला आहे. ज्या कमरेसाठी हे जॅकेट जन्माला आले, ती कंबरच हरवली." (बार जॅकेट म्हणजे दिओरचे बारीक कमरेचे आणि कमरेखाली घेर असलेले प्रसिद्ध जॅकेट.) ६ ऑक्टोबरला शनेलचा शो पाहून लिहिले : "डोळ्यांत पाणी आले." ग्राँ पालेच्या अंधारात टांगलेले ते प्रकाशमान ग्रह आणि शेवटी रंगीत पिसांचा घेरदार स्कर्ट व साधा पांढरा टी-शर्ट घालून हसत गिरक्या घेणारी मॉडेल आवार ओधियांग ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पंधरा दिवसांनी मी दोन्ही संग्रहांची छायाचित्रे एकेक करून सावकाश पाहिली. तेव्हा दिओरची ती आखूड जॅकेटे, विशेषतः डेनिमच्या छोट्या स्कर्टवरची, मला पुन्हापुन्हा परत जाऊन पाहावीशी वाटू लागली. शनेलच्या बाबतीत मात्र सुरुवातीचा करड्या चौकटींचा पँटसूट आणि शेवटचा पिसांचा स्कर्ट सोडला, तर मधले काहीच आठवत नाही असे ध्यानात आले. मला जे आवडले ते कपडे होते की ग्रह, संगीत आणि त्या मुलीचा आनंद?

माझा प्रश्न असा की, यातले कोणते मत कपड्यांविषयीचे आहे? पहिले मत ताजे होते, पण ते देखाव्याने भारलेले असू शकते. दुसरे मत शांतपणे बनले, पण तोवर मी इतरांची परीक्षणे वाचली होती आणि तीच छायाचित्रे शंभरदा नजरेखालून गेली होती, म्हणजे ते सवयीचेही असू शकते. मध्यभागी फुगीर आणि घोट्यापाशी आवळलेल्या बॅरल जीन्सच्या बाबतीत माझे हेच झाले होते. आधी ती बेढब वाटली, वर्षभरात डोळ्यांना रुळली आणि आता सरळ पायाची जीन्सच अपुरी वाटते. ही आवड माझी म्हणायची का?

आतली शिवण

मी व्यवसायाने पेपर पॅटर्न काढते आणि कापड बेतते, त्यामुळे माझे उत्तर एकांगी असण्याची शक्यता आहे, हे आधीच सांगते.

आपण दोन मतांची तुलना करता आहात, पण ती दोन वेगवेगळ्या गोष्टींविषयी आहेत. चित्रफितीत कापड चालताना दिसते आणि छायाचित्रात ते उभे राहिलेले दिसते, तेही समोरून, एकाच क्षणी, पाय पुढे टाकलेल्या अवस्थेत. छायाचित्र आकाराला न्याय देते, वजनाला देत नाही. दिओरचे ते जॅकेट मुळात आकारावर उभे आहे, म्हणून ते छायाचित्रात आपल्याला आवडले, आणि शनेलमधले बरेचसे काम वजनावर आणि कापडाच्या पडण्यावर उभे आहे, म्हणून ते छायाचित्रात विरून गेले, असे मला वाटते.

उदाहरण देते. शनेलच्या जॅकेटच्या खालच्या काठाला आतून बारीक साखळी शिवलेली असते, ती शोभेसाठी नसते. कापड मऊ असते, आत ताठ कॅन्व्हास नसतो, तरी हात वर-खाली झाल्यावर जॅकेटने पुन्हा सरळ खाली यावे म्हणून ते वजन लावलेले असते. ब्लाझी यांनी या संग्रहात पॅरिसच्या शार्व्हे या शर्ट शिवणाऱ्या जुन्या घराण्याबरोबर पुरुषी धाटणीचे शर्ट केले आणि त्यांच्याही काठात ती साखळी घातली. छायाचित्रात तो एक साधा शर्ट दिसतो. चालताना पाहा, इतका आखूड शर्ट एरवी वर चढला असता किंवा फुगला असता, तो इथे जागच्या जागी झुलतो. मी तो तुकडा कितीतरी वेळा मागे नेऊन पाहिला आणि प्रत्येक वेळी मला मनापासून आनंद झाला.

ब्लाझी यांचे काम छायाचित्रात हरवते, हे नवे नाही. बोत्तेगा व्हेनेता या त्यांच्या आधीच्या घराण्यात फेब्रुवारी २०२२ च्या त्यांच्या पहिल्याच शोची सुरुवात पांढरी बंडी आणि निळी जीन्स अशा जोडीने झाली होती, आणि ती जीन्स कापडाची नसून चामड्याची होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॉडेल केट मॉस चौकड्यांचा शर्ट आणि जीन्स घालून चालली, तेही चामड्यावर थरावर थर छापून तयार केलेले होते. पडद्यावर पाहणाऱ्याला ते कळण्याचा मार्गच नव्हता, आणि पाहणाऱ्यांपैकी अनेकांना तो संग्रह कंटाळवाणा वाटला असेल तर त्यात त्यांचा दोष नाही.

उलट बाजूचे उदाहरण म्हणजे जॉन गॅलियानो यांचा जानेवारी २०२४ मधला मेझाँ मार्जिएलाचा शो. तो रात्री पुलाखाली झाला होता, आणि तो पूल, रात्र व चिनीमातीच्या बाहुलीसारखे चकाकणारे चेहरे यांच्याविषयीच सगळे बोलत राहिले. मी पोशाखांच्या उरेब कापाकडे पाहत होते. कापड उरेब, म्हणजे ताण्याबाण्याला तिरके बेतले की ते ताणले जाते आणि अंगासरशी घरंगळते. ते आवरणे हे आमच्या कामातले सर्वांत अवघड काम आहे, कारण बेतलेला तुकडा टांगून ठेवल्यावर खाली ओघळतो आणि काठ पुन्हा सारखा करावा लागतो. तिथे देखावा मोठा होता आणि कामही तितकेच मोठे होते. म्हणून "देखाव्याने भारलो, म्हणजे कपडे सामान्य असणार" असाही निष्कर्ष काढू नका.

दिओरच्या जॅकेटविषयी मात्र आपल्या पहिल्या रागाशी मी अजूनही सहमत आहे. मूळ बार जॅकेटचा कमरेखालचा घेर नितंबांवर टेकतो आणि त्याला आतून भराव दिलेला असतो, म्हणूनच कंबर आहे त्याहून बारीक दिसते. नव्या जॅकेटमध्ये तो घेर नितंबांच्या हाडाच्या वरच संपतो. बाजूने पाहिले तर तो कशावरही टेकलेला नसतो, हवेत उभा असतो. प्रमाण म्हणून ते गमतीदार आहे, पण कापडाचा बेत म्हणून मला ते पटत नाही.

माझी विनंती इतकीच की, दोन्ही शो आवाज बंद करून पुन्हा पाहा, आणि मॉडेल समोरून येताना नको, वळून पाठमोरी जाताना पाहा. मुंढा (बाही जोडण्याची जागा), खांदा आणि काठ तिथे जास्त खरे बोलतात.

जुनी पाने

मत उलटण्याची ही गोष्ट आपल्या एकट्याची नाही. ५ फेब्रुवारी १९५४ रोजी सत्तर वर्षांच्या गाब्रिएल शनेल यांनी युद्धानंतरचा आपला पहिला संग्रह मांडला, तेव्हा पॅरिसच्या वृत्तपत्रांनी तो शिळा ठरवला होता. अमेरिकेत तो आवडला, आणि थोड्याच वर्षांत तो कॉलर नसलेला सूट सगळीकडे दिसू लागला. जानेवारी १९७१ मध्ये इव्ह सॉं लोराँ यांनी १९४० च्या दशकातले चौकोनी खांदे, आखूड स्कर्ट आणि उंच तळव्यांचे बूट परत आणले, त्यावर परीक्षक संतापले. मला हे उदाहरण फार महत्त्वाचे वाटते, कारण तो संताप शिवणीविषयी नव्हताच. ज्यांनी जर्मनांच्या ताब्यातले पॅरिस पाहिले होते त्यांना त्या खांद्यांत ती वर्षे दिसली, आणि ज्यांचा जन्म नंतरचा होता त्या तरुण मुलींनी तेच कपडे आनंदाने घातले. दोन्ही प्रतिक्रिया खऱ्या होत्या.

कॉम दे गार्सोंच्या रेई कावाकुबो यांचा मुद्दाम भोके ठेवून विणलेला १९८२ चा स्वेटर, किंवा मार्क जेकब्स यांनी नोव्हेंबर १९९२ मध्ये पेरी एलिस या कंपनीसाठी केलेला ग्रंज (मुद्दाम विस्कळीत, गबाळ्या धाटणीचा) संग्रह, ज्यानंतर त्यांची तिथली नोकरी गेली, ही उदाहरणे अशा चर्चांत नेहमी येतात. त्यांच्यावरून "जे आज खटकते ते उद्या थोर ठरते" असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि मला ती मान्य नाही. जे खटकले आणि खटकतच राहिले, असे संग्रह आपण विसरून गेलो, म्हणून ते उदाहरणांत येत नाहीत. आपल्या वहीत मात्र ते असतील. ती वही चाळून, किती मते उलटली आणि किती तशीच राहिली, हे पाहिले तर आपल्याला आपल्या नजरेविषयी जास्त कळेल.

आणखी एक खंत नोंदवतो. पूर्वीच्या डिझायनरांना दुसऱ्या नजरेची वाट पाहता येत होती. वर्साचीचा विताले यांचा संग्रह मला प्रथम भडक वाटला होता, आणि महिनाभराने त्यातली १९८० च्या दशकातली रंगसंगती व मुद्दाम राखलेला अर्धवट सुटलेपणा आवडू लागला होता. माझे मत जुळून येईपर्यंत डिसेंबर उजाडला आणि ते तिथून बाहेर पडत असल्याची घोषणा झाली. एकाच शोवर तो विषय संपला, याचे मला अजून वाईट वाटते.

ढगळ बाही

सवयीच्या मुद्द्यावर मला बोलायचे आहे. नजर रुळते हे खरे आहे, पण शरीर तितक्या सहज रुळत नाही. कंबर खाली उतरलेल्या पँटची लाट पहिल्यांदा आली तेव्हा मी त्या हौसेने घातल्या होत्या. बसताना मागून सरकणारी पँट सावरणे आणि वाकताना एक हात पाठीशी ठेवणे, हे मी काही वर्षे केले. ऑक्टोबर २०२१ मध्ये मिऊ मिऊने कंबरेखालून सुरू होणारे, कच्च्या काठाचे, खिशाचे अस्तर खालून डोकावणारे ते इवले स्कर्ट दाखवले, तेव्हा माझा हात आपोआप पाठीकडे गेला. नंतर ते इतक्या मुखपृष्ठांवर दिसले की डोळ्यांना गोड वाटू लागले, तरीही मी तसा स्कर्ट घेतला नाही. बॅरल जीन्समध्ये आपल्याला मोकळे बसता-उठता येत असेल आणि ती घातल्यावर आपण दिवसभर तिचा विचार करत नसाल, तर ती आवड आपली माना. ती कुठून आली याचा शोध घेण्याची मला गरज वाटत नाही.

काही पहिल्या प्रतिक्रिया मात्र मी बदलू इच्छित नाही. याच हंगामात मार्जिएलाच्या शोमध्ये ग्लेन मार्टेन्स यांनी मॉडेलांच्या तोंडात धातूचे असे साधन बसवले होते की ओठ चार बाजूंनी ताणलेले राहत. मार्जिएलाच्या कपड्यांवरच्या चार पांढऱ्या टाक्यांचा तो संदर्भ होता, हे मला कळले. बाजूला लहान मुलांचा वाद्यवृंद वाजत होता. कपडे चांगले असावेत, पण त्या चेहऱ्यांवरून माझी नजर खाली उतरलीच नाही. पुन्हा पाहून मी कदाचित खांद्याचा बेत वाखाणू शकेन, पण तोंड ताणून धरलेल्या माणसाकडे पाहून जे वाटले, ते चुकीचे होते असे मी म्हणणार नाही.

सुटा धागा

सर्वांचे मनापासून आभार. 'आतली शिवण' यांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री दोन्ही शो आवाज बंद करून, फक्त पाठमोऱ्या चालीकडे लक्ष देऊन पाहिले.

शनेलचे शर्ट आता दिसले. वळताना काठ जरा मागे राहतो आणि मग शांतपणे जागेवर येतो, हे एकदा कळल्यावर तेच पाहत बसले. मधले काहीच आठवत नाही असे मी लिहिले होते, ते कपड्यांविषयी नव्हते, माझ्या पाहण्याविषयी होते. दिओरचे जॅकेट बाजूने खरोखरच हवेत थांबते, हे आता नजरेआड करता येत नाही; तरी डेनिमच्या स्कर्टवर ते मला अजून आवडते, कारण त्या स्कर्टला मुळात कंबर बारीक दाखवायचीच नाही, आणि तिथे भराव नसल्याची उणीव मला जाणवत नाही. चुण्यांच्या स्कर्टवर ती जाणवते. म्हणजे माझा राग आणि माझी आवड एकाच संग्रहातल्या दोन वेगळ्या पोशाखांविषयी होती, आणि मी चार ओळींत ती एकत्र लिहून टाकली होती.

'जुनी पाने' यांच्या सूचनेवरून मागची दोन वर्षे चाळली. बहुतेक मते तशीच राहिली आहेत. उलटलेल्यांत चेमेना कामाली यांचा फेब्रुवारी २०२४ चा क्लोएचा पहिला शो आहे. त्यातल्या झालरी आणि झिरझिरीत ब्लाउज पाहून मी "हे सगळे आधी पाहिले आहे" एवढेच लिहून पान उलटले होते, आणि पुढच्याच उन्हाळ्यात तसाच एक ब्लाउज स्वतः शिवला. बाहीचा घेर दोनदा उसवून पुन्हा शिवावा लागला. तो शो आता पाठमोरा पाहायचा आहे.