मदत हवी आहे: स्ट्रिंग्जचा सूर मध्येच तुटतो

मंडळी, ट्रॅकसाठी जुनं रोलंड एससी-५५ हे साउंड मोड्यूल (कीबोर्ड नसलेलं, आवाज घडवणारं यंत्र) वापरतोय. मिडीवरून (वाद्यं नि कॉम्प्युटर जोडायच्या पद्धतीतून) येतात ते नुसते निरोप: कुठला सूर, किती जोरात, कुठल्या चॅनलवर. प्रत्यक्ष आवाज हे मोड्यूल स्वतःच्या मेमरीतल्या नमुन्यांतून घडवतं. पार्ट (एकेका वाद्याची जागा) १६, पण व्हॉइस (एका वेळी वाजू शकणारे आवाज) सगळे मिळून २४, आणि काही टोन (वाद्यांचे आवाज) एका सुरालाच दोन व्हॉइस खातात!

पियानोचा पेडल दाबलेला असताना १० नंबरच्या चॅनलवर ड्रमचा रोल आला, की आठव्या पार्टवरच्या स्ट्रिंग्जचा लांबलेला सूर कापला जातो. स्ट्रिंग्ज २ नंबरच्या पार्टवर आणल्या तर वाचतील का? की सिसेक्सने (यंत्राची सेटिंग बदलणाऱ्या खास मिडी निरोपाने) व्हॉइस रिझर्व्हच (कुठल्या पार्टला किती व्हॉइस राखून ठेवायचे ते) पाठवायचं? त्या निरोपाचा चेकसम (तपासणीचा आकडा) काढता येतो, पण २४ ची वाटणी तुम्ही कशी करता? ड्रमला किती ठेवता? चालती सेटिंग असेल तर टाका प्लीज.