मदत हवी आहे: खो-खोच्या मुलांना बूट आणि प्रवासखर्चासाठी अनुदान कुठून मिळेल?

नमस्कार मंडळी,

चोपडा तालुक्यातल्या एका गावात मी रोज संध्याकाळी पोरांना खो-खो शिकवतो. फी घेत नाही. पेशाने शिक्षक नाही, केळीची बाग आहे, पण पोरं सर म्हणतात. सध्या बावीस जण येतात, त्यात चौदा मुली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हापासून मुली वाढल्या.

मैदानाला फार खर्च आला नाही. ग्रामपंचायतीने गायरानात जागा दिली, एकाने दोन ट्रॉली लाल माती टाकून दिली, खांब गावच्या सुताराने केले. पैसा लागतो तो पोरांच्या अंगावर. मोठे सामने आता मॅटवर होतात, म्हणजे पकड असलेले बूट आले. गेल्या मोसमात एक मुलगी थोरल्या भावाचे बूट घालून आली, पुढच्या टोकाला कापसाचा बोळा कोंबलेला. खांबाजवळ वळली तेव्हा एक बूट मागेच राहिला. सगळे हसले, तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून यायची बंद. घरी गेलो तर म्हणाली, "सर, माले जमाव नही." आईने वेचणीचं कारण सांगितलं. तेही खोटं नव्हतं, कापूस फुटतो त्याच दिवसांत शालेय स्पर्धा असतात.

दुसरा खर्च प्रवासाचा. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलींचा संघ जळगावला नेणं कसंबसं जमतं. बारा वर्षांवरच्या मुलांना मात्र पूर्ण तिकीट. मुलांना मागे ठेवून जायचं म्हणजे जिवावर येतं.

अनुदानासाठी फिरलो. क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास या योजना आहेत, पण पैसा मैदान, इमारत नि साहित्यासाठी. शिवाय जागेचा कागद लागतो, आणि आमची जागा गायरान. एका कार्यालयात उतारा बघूनच फाईल परत केली. आमदार निधीतून ओपन जिम झाली आहे, तिच्यावर बायका गोधड्या वाळत घालतात. खेलो इंडियात निवडलेल्या खेळाडूला महिन्याला 10,000 रुपये हातखर्च मिळतो, छानच आहे, पण निवडीच्या मैदानापर्यंत पोरगं न्यायचं कोणी?

बूट, तिकीट आणि एका वेळचं जेवण यासाठी कुणी अनुदान देतं का? आमचं मंडळ धर्मादाय कार्यालयात नोंदलेलं आहे. जाणकारांनी सांगावं.

– केळीवाला

हिशेबनीस:
केळीवाले भाऊ, तिकिटासाठी सरकारी योजना शोधत बसू नका, सीएसआर बघा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी खर्च करायचा पैसा. कंपनी कायदा 2013 च्या परिशिष्ट 7 मध्ये ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. मंडळाला पैसे घ्यायचे तर आयकर खात्याची 12ए आणि 80जी नोंदणी लागते, आणि 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 हा संस्थेच्या नोंदणीचा फॉर्मही. पण कंपनी स्वतः थेट खर्च करू शकते, हे बरेच जण विसरतात. त्यांना म्हणा, पैसे नकोत, बावीस जोड बूट द्या आणि एक गाडी द्या. मापांची यादी सोबत न्या.

एक विचारतो, मंडळाचा चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची धर्मादाय कार्यालयातली नोंद, झालेला आहे का? ऑडिट?

गिरणाकाठची:
दादा, पोरं झेडपीच्या शाळेतली आहेत का? समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला क्रीडा अनुदान येतं, प्राथमिकला 5,000 पर्यंत आणि उच्च प्राथमिकला 10,000 पर्यंत. खर्च शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होतो. साहित्य शाळेतून सुटलं तर तुमच्याकडचे पैसे प्रवासाला उरतील. आमच्या गावात प्रवासाचं सुरतला राहायला गेलेल्या गावकऱ्यांनी उचललं. तिथे उधन्याला गावची पन्नासेक घरं आहेत, गणपतीच्या वर्गणीतच खेळासाठी वेगळी पावती फाडतात.

केळीवाला:
हिशेबनीस, नेमकं दुखत्या जागी बोट ठेवलंत. जुने सचिव वारले, कागदावर अजून तेच आहेत. बदल 90 दिवसांत कळवायचा असतो म्हणतात, आम्हाला तीन वर्षं झाली. आता उशिराचं कारण देऊन अर्ज करता येतो का, आणि वकील लावावाच लागेल का?

ताई, सात जण झेडपीचे आहेत. उद्या मुख्याध्यापकांना भेटतो. सुरतचं कसं सुचलं नाही कोण जाणे, माझा सख्खा चुलतभाऊ लिंबायतला आहे! आज रात्रीच फोन लावतो. मापं घेतली आहेत, वहीच्या पानावर पाऊल ठेवून पेन्सिल फिरवली. एक पान रिकामं आहे, त्या मुलीकडे उद्या वही घेऊन जातो.