‘मारानाथा’तला ‘नाथ’ आपला नव्हे

वसईची लेक: काल इथे सोपारकरांनी लिहिलं, बायबलमधला ‘मारानाथा’ म्हणजे आपलाच ‘नाथ’, संस्कृत पश्चिमेला गेल्याचा पुरावा. वाचून राहवलं नाही. येशूचा प्रेषित पौल याने इ.स. ५५च्या सुमारास करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना ग्रीकमध्ये पत्र लिहिलं आणि शेवटी, अध्याय १६, वचन २२ मध्ये, हा बोल अरामीत, म्हणजे येशूच्या बोलीतच ठेवला. ‘मार’ म्हणजे धनी. केरळात सिरियन बिशपांच्या नावाआधी आजही ‘मार’ लावतात, तोच. ‘नाथ’मधला ‘न’ ‘आमचा’ सांगणाऱ्या प्रत्ययाचा आणि ‘थ’ ‘येणे’ या क्रियापदाचा. दोन शब्दांचे तुकडे जोडून तुम्ही तिसराच शब्द काढलात.

सोपारकर: आमच्या सोपारा बंदराचं नाव पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत आहे. जहाजं जात होती, मग शब्द गेले नाहीत?

वसईची लेक: जहाजं गेली, मान्य. हा शब्द त्यांतून गेला नाही.

नगरकर: मूळ मुद्दा राहिला बाजूला. आमच्याकडे हा शाप म्हणूनच शिकवला. त्याच वचनात ‘शापित असो’ आहे. १६११च्या इंग्रजी बायबलात तर ‘अनाथेमा (शापित) मारानाथा’ सलग आहे. अर्थ विचारला की मोठी माणसं गप्प बसवायची, त्याचा राग अजून आहे.

वसईची लेक: ‘दिदाखे’ या सुरुवातीच्या ख्रिस्ती ग्रंथात भोजनानंतरच्या प्रार्थनेत हाच शब्द येतो, मागोमाग आमेन. शाप कुठून आला?

नगरकर: त्याच्याच आधी ‘पवित्र नसेल त्याने पश्चात्ताप करावा’ आहे, तेही सांगा की! सोयीचं तेवढंच उचलू नका, ताई.

वसईची लेक: बरं, ताकीद शेजारी आहे. पण शब्दाचा अर्थ शाप नाही. आणि मी का चिडते तेही ऐका. आजीच्या थडग्यावर हा शब्द हवा होता. कोरणाऱ्याने मध्ये फट सोडली: ‘मारा नाथा’. आई बोटाने अक्षरं चाचपत तिथेच रडली.

सोपारकर: हे ठाऊक नव्हतं. ‘नाथ’ मागे घेतो. सोपारा मात्र सोडणार नाही.

नगरकर: मग फट कुठे हवी? ‘मारान आथा’ म्हणजे आमचा प्रभू आला. जुना ग्रीक धर्मगुरू क्रिसोस्टम याने हाच अर्थ घेतला, सिरियाक, म्हणजे अरामीच्याच एका बोलीतल्या, बायबलातही हाच.

वसईची लेक: ‘माराना था’ म्हणजे आमच्या प्रभो, ये. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, शेवटी ‘ये, प्रभू येशू’ ग्रीकमध्ये आहेच. आजी रोज रात्री तेच मागायची.

नगरकर: तुमच्या आजीवरून व्याकरण ठरत नाही.

वसईची लेक: नाही ठरत. पण दगड तिचा आहे.

नगरकर: ...बरोबर. प्रकटीकरणाचा मुद्दा जड आहे, एवढं कबूल करतो. नवा दगड करताय?

वसईची लेक: हो, २ नोव्हेंबरच्या, मृतांच्या स्मरणदिनाच्या आधी. कोरणारा विचारतोय फट कुठे सोडू.

नगरकर: सोडूच नका. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत शब्दांमध्ये फट नव्हतीच. सलग कोरा.