‘सारखी’ शब्द होता, तरी उपमा नाही?

ऐरोलीची आई:
मुलगी नववीत आहे. क्लासमध्ये मराठीतले अलंकार ओळखायची युक्ती शिकवली: सारखा, सम, परी दिसलं की उपमा, जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. चाचणीत ‘पावसात लोकल सारखी थांबत होती’ यापुढे हिने ठोकून दिलं, उपमा. गुण गेला. म्हणते, शब्द तर होता! मी इंग्रजी माध्यमातली, काय समजावणार? रूपक तर आम्हा दोघींच्या डोक्यावरून जातं.

नौपाड्याचे मास्तर (निवृत्त):
ताई, लोकल कुणासारखी थांबत होती? उत्तर नाही ना, मग उपमा कसली! इथे ‘सारखी’ म्हणजे वारंवार. ‘पाऊस पडेल असं वाटतं’ हीसुद्धा उत्प्रेक्षा नव्हे, नुसता अंदाज. आधी दोन वस्तू शोधायला सांगा. जिचं वर्णन चाललंय ते उपमेय, जिच्याशी तुलना केली ते उपमान. शब्द शेवटी बघायचा.

मी वर्गात ठाणे स्टेशनची सकाळची गर्दी घ्यायचो. गर्दी उपमेय, पूर उपमान. ‘जिन्यावरून गर्दी पुरासारखी उतरली’ ही उपमा. दोघं वेगळे, फक्त साम्य सांगितलं. ‘गर्दी जणू पूरच’ ही उत्प्रेक्षा. पूरच असावा अशी कल्पना केली. ‘गर्दीच्या पुरात माझी चप्पल वाहून गेली’ हे रूपक. आता दोघांत भेदच उरला नाही. (चप्पल खरंच गेली होती. एका पायाने शाळेत पोचलो, पोरं आठवडाभर हसत होती.) ‘ही गर्दी नव्हे, हा पूरच’ म्हणालात की उपमेय नाकारलं, म्हणजे अपन्हुती. आणि ‘पूर ओसरतो तरी, गर्दी ओसरत नाही’ हा व्यतिरेक. उपमेय उपमानाला भारी पडलं.

कळवेकर:
‘ठाण्याच्या गर्दीसारखी गर्दी ठाण्याचीच’ असं म्हटलं तर, सर?

नौपाड्याचे मास्तर (निवृत्त):
अनन्वय. तुलनेला दुसरं कुणी मिळालंच नाही, म्हणून तिची तिच्याशीच. माझा दोन वस्तूंचा नियम इथे लंगडा पडतो, कबूल. शिवाय आमचीच गर्दी मोठी म्हणत दिवा स्टेशनची मंडळी भांडायला येतील ते वेगळंच.

ऐरोलीची आई:
सर, चप्पल ऐकून ती एवढी हसली की रूपक आता जन्मात विसरणार नाही. लगेच मलाच वाक्य टाकलं: ‘आई सारखी ओरडते.’ म्हणते, यात उपमा नाही, बरोबर ना?

कळवेकर:
उपमा नाही ताई. स्वभावोक्ती, म्हणजे जसं आहे तसं हुबेहूब वर्णन, आहे का, ते घरीच तपासा.