बाबांचं पायलट मेडिकल आणि लपवलेल्या गोळ्या

नौपाड्याचा_मुलगा:
नमस्कार मंडळी, जरा नाजूक विषय आहे. बाबा ६६ वर्षांचे, तरुणपणी पीपीएल म्हणजे खासगी पायलटचं लायसन्स काढलेलं, अजून महिन्यातून एकदा पहाटे उठून पुण्याच्या पलीकडे एका क्लबात जाऊन छोटं सेस्ना विमान उडवून येतात. पुढच्या महिन्यात क्लास २ मेडिकल, म्हणजे त्या लायसन्ससाठी लागणारी तपासणी आहे. गेली तीन वर्षं शुगरची गोळी चालू आहे, वर प्रोस्टेटचीही एक, आणि फॉर्मवर "औषधं चालू आहेत का" तिथे ते सरळ "नाही" लिहितात. मागच्या वेळी मी शेजारीच बसलो होतो, बघून न बघितल्यासारखं केलं. विचारलं की म्हणतात जेआरडी टाटांनी १९८२ ला ७८ व्या वर्षी कराचीहून मुंबईला एकट्याने विमान आणलं, मी तर अजून पोरगा आहे. काय करू? डॉक्टरला सांगितलं तर घरात महाभारत होईल.

वाशी_सेक्टर९:
बाबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्या ओळखीतल्या एकाने बायपासचं खरं सांगितलं, टेम्पररी अनफिटचा शिक्का बसला आणि मग ह्या टेस्ट आणा त्या टेस्ट आणा करत वर्ष गेलं, तोवर माणसाची उमेदच संपली. खरं बोलणाऱ्याला शिक्षा आणि गप्प बसणाऱ्याला लायसन्स, मग लोक गप्पच बसणार ना. अमेरिकेत बघा, २०१७ पासून बेसिकमेड आहे, छोटं विमान असेल तर साध्या डॉक्टरकडून चार वर्षांनी एकदा तपासून घ्यायचं आणि दोन वर्षांनी एक ऑनलाइन कोर्स करायचा, बास.

नेरुळची_डॉक्टर:
मी पायलटवाली नाही, साधी फॅमिली डॉक्टर आहे. बेसिकमेडमध्येसुद्धा पायलट स्वतःच सगळी औषधं लिहून डॉक्टरसमोर ठेवतो हो, त्यातून तिथेही सुटका नाही. मुद्दा असा की तपासणीच्या दिवशी गोळी घेऊन गेलेल्या माणसाची शुगर ठीकच येणार, आणि बसल्या जागी काढलेला ईसीजी ब्लॉकेज असूनही नॉर्मल येऊ शकतो. म्हणून तर फॉर्मवर विचारतात, ते यंत्राला कळत नाही म्हणून. आता शुगरची गोळी कोणती ते बघा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर एकदम खाली जाण्याचा धोका फार कमी. ग्लिमेपिराइड असेल आणि बाबा पहाटे चहा-बिस्किटावर निघत असतील तर मात्र मला काळजी वाटेल, शुगर पडली की घाम, थरथर, डोकं बधिर, आपलं काही बिघडलंय हेच माणसाला कळत नाही. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन असेल तर उठताना बीपी पडू शकतं. वय हा प्रश्नच नाही. एकटा माणूस वर असतो हा आहे.

डोंबिवली_फास्ट:
आणि पकडलं जात नाही असं समजू नका. २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ५,००० पायलटांची चौकशी असल्याची बातमी होती, सैन्यातून निवृत्त झालेले, एकीकडे आजाराचे पैसे घेत होते आणि विमानखात्याला तो आजार कळवलाच नव्हता. दोन रेकॉर्ड शेजारी ठेवले, संपलं. शिवाय उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाले आधी हाच फॉर्म मागतील.

वाशी_सेक्टर९:
ते खरंय, इन्शुरन्स मी धरलाच नव्हता. पण डॉक्टरला फोन करून बापाची चुगली करू नको रे बाबा, त्यांनाच लिहायला लाव.

नेरुळची_डॉक्टर:
हे बरोबर. आणि मेडिकलच्या आधीच घरच्या डॉक्टरकडे जा, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) करून घ्या, जमत असेल तर टीएमटी म्हणजे चालत्या पट्ट्यावरचा ईसीजी, गोळी बदलायची वेळ आली तर तीही वेळेत बदलता येते. फाइल घेऊन गेलेला माणूस आणि रिकाम्या हाताने गेलेला माणूस ह्यात फरक असतो. नुसत्या गोळीच्या शुगरने कायमचं बाद होतात ही भीतीच जास्त आहे.

नौपाड्याचा_मुलगा:
थँक्यू सगळ्यांना. ग्लिमेपिराइडच निघाली. काल जेवताना पाकीट टेबलावर ठेवलं, दहा मिनिटं कोणी बोललं नाही, मग बाबा म्हणाले गेल्या दिवाळीत लँडिंगच्या आधी एकदा हात थरथरला होता, आईला सांगू नको. आई स्वयंपाकघरातच होती. शनिवारी राम मारुती रोडच्या आमच्या डॉक्टरांकडे जातोय, गाडी मी चालवणार आणि ते शेजारी बसून ब्रेक दाबत राहणार.